दर मंगळवारी दात

आगरदांड्याच्या जेटीवर माझी चहाची टपरी हाय. म्हणजे मी काही केलं तरी गावाला कळतं, न केलं तरी कळतं. माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला तेव्हा दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "गोळ्या रोज घे, आणि मंगळवारी आमच्या बैठकीला ये. मन मोकळं होतं. तुझ्या गावातच ठेवू का?"

"बाई, त्यापरीस दवंडीच पिटा की!"

मग खाडीपलीकडं दिघीला जायचं ठरलं. गावाला काय सांगू? अक्कल कधी वापरलीच नव्हती, कोरी करकरीत होती. ती चालवली नि सांगितलं, दात काढायला जातो. दर मंगळवारी दात! शेवटी बोटीवरचा तिकीटवाला म्हणाला, "आरं, तोंडात दात हायेत का कंगवा?"

सकाळी पाणी असं निपचित असायचं, की बोट चाललीय का किनारा, तेच कळायचं न्हाय. धुक्यात दोन्ही गावं पुसली जायची. वाटायचं, हितंच ऱ्हावं. हिकडचा न्हाय, तिकडचा न्हाय.

बैठक बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागं, एका खोलीत. भर उन्हाळ्यात गार. चटईवर कुणी आजारवाले, कुणी बाप्याच्या अंगात जन्मलेल्या बाया, कुणी बाप्यावर जीव लावणारे बापे. मी पहिल्यात बी, शेवटच्यात बी हजर. सगळ्यांना हसवायचो. बाई पण हसायच्या, मग पदर सारखा करून म्हणायच्या, "झालं? आता घरचं सांग."

घरचं म्हणजे आमचा ट्रेलरवाला. न्हावा शेव्याला कंटेनर ओढतो, रविवारी माझ्याकडं येतो. गाव त्याला माझा आतेभाऊ समजतं. रिपोर्ट आल्यापासून मी त्याला जवळ येऊ दिलं नव्हतं. दाढ दुखते म्हणायचो. खरं कळलं तर तो जाईल, एवढंच भ्या.

बाई म्हणाल्या, "त्याचं रक्तही तपासायला हवं. तू सांग. पुढं लागेल तिथं मी आहे."

मी परत काहीतरी विनोद करायला गेलो. शेजारची साडीवाली मावशी फटकन बोलली, "गप रे मेल्या! हसतोस तेव्हा डोळे दाराकडं असतात तुझे."

त्या रविवारी तो जिताडा मासा घेऊन आला. दुपारी ताटाशी बसून काटान्‌काटा काढला, मऊ भातात कालवला.

"चावू नको. गिळ नुसतं."

आणि मी, बत्तीशी शाबूत असलेला घोडा, बाळागत गिळत बसलो. बाहेर ऊन पाण्यावर पसरलेलं, होड्या हवेत टांगल्यासारख्या. तिसऱ्या घासाला त्याचा हात धरला. आजार, दिघीची बैठक, त्याचं रक्त तपासायचं, सगळं सांगून टाकलं.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे दाढ दुखत न्हाय?"

"न्हाय."

"दुसरा कुणी न्हाय?"

"मला कोण घेतोय?"

तो हसला न्हाय. हात धुतले, पायरीवर जाऊन बसला, माझ्याकडं पाठ करून. रागावलाय ते पाठीवरनं कळत होतं. भरती आवाज न करता वर चढत होती. मी ताट घेऊन तसाच उभा.

मग तो खाडीकडं बघतच म्हणाला, "मंगळवारची बोट कितीला सुटते?"

मी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो, येळ सांगितली नि उरलेला भात चावून चावून खाल्ला.