मालक, भावकी, गाव

अक्का कीबोर्डवरून दोन्ही हात उचलायची, तिथंच माझं डोकं फिरायचं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून झाला, आता एंटर मारायचं तेवढं बाकी, की बाईंनी हात मांडीवर घेतलेच. मग ती अख्खी ओळ पहिल्यापासून पुटपुटत वाचायची आणि त्यानंतर उजव्या हाताचं एकच बोट एंटरवर टेकवायची. मी शेजारच्या टेबलावरून बघत असायचो. मनात म्हणायचो, मार की बाई एकदाचं! खरं सांगतो, मला राग त्या उशिराचा नव्हता. तिला कसलीच घाई नव्हती आणि तरी तिचं सगळं वेळेवर व्हायचं, याचा होता.

आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रस्त्याला. डिझाईन विभागात माझी एकोणीस वर्षं झालेली. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि तीन पिढ्या मागाचा खडखडाट ऐकतात. वडील ग्राफपेपरचे बारीक चौकोन भरून चादरीवरचा मोर काढायचे; मी तोच मोर कॉम्प्युटरवर काढायला शिकलो. डिझाईन विभाग म्हणजे आपला वारसाहक्क, अशी माझी साधी समजूत होती. आणि माझ्या शेजारी आणून बसवली कोण, तर माढ्याकडच्या शेतकऱ्याची पोर! श्रीपूरला साखर कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होती, लग्न होऊन इथल्या शुक्रवार पेठेत आली. कापडात उभा ताणा कुठला आणि आडवा बाणा कुठला, हेसुद्धा तिला आम्ही दाखवलं.

वयानं माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तरी महिन्याभरात सगळा कारखाना तिला अक्का म्हणायला लागला, मालकसुद्धा. मला एकोणीस वर्षांत कुणी असं काही म्हटलं नव्हतं. तीच एकटी मला अण्णा म्हणायची. तेही मनापासून म्हणायची, त्यामुळं धड रागावताही यायचं नाही.

आमची सगळी डिझाईनं एका मोठ्या कॉम्प्युटरवर असायची. शेडमधले माग तिथूनच डिझाईन उचलायचे. कुठली फाईल कुणी बघायची, कुणी बदलायची, हे त्या काळ्या पडद्यावर हुकूम देऊन ठरवावं लागे. chmod नावाच्या त्या हुकमाला अक्का 'चमोड' म्हणायची. एकदा शेडमधला जॉबर, म्हणजे माग लावून देणारा मिस्त्री, तणतणत आला, "मला फाईल दिसती, मग रंग का बदलता येत नाही?" अक्कानं त्याला स्टूल दिलं आणि बोटाची पेरं मोजत सांगितलं, "परत्येक फाईलीला तीन परकारची माणसं असत्यात. मालक, भावकी आन् गाव. ज्यानं फाईल केली त्यो मालक. आपला डिझाईन विभाग ती भावकी. बाकी समदं गाव. आता परत्येकाला काय काय द्यायचं? बघायचं चार, बदलायचं दोन, चालवायचं एक. जेवढं द्यायचं त्याची बेरीज करायची. मालकाला सहा, भावकीला चार, गावाला चार. झालं की चमोड."

"म्हणजे मी गाव," जॉबर म्हणाला.

"व्हय, तुमी गाव. बघा की पायजे तेवढं."

तो हसत परत गेला. ह्याच सहाशे चव्वेचाळीसवर मी एक जाडजूड पुस्तक आणून सहा महिने डोकं फोडलं होतं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, हे आणखी वाईट.

मालकांपुढंही तिचा तोच सूर. ते एकदा वैतागून म्हणाले, "अक्का, सगळ्यांना सगळं देऊन टाका बरं. रोजची कटकट नको." मी असतो तर 'हो मालक' म्हणून मोकळा झालो असतो. अक्का म्हणाली, "देते की. पर उद्या कुणाचा हात लागून डिझाईन गेलं, तर तुमी मलाच इचारणार, आन् मला सांगता यायचं न्हाय कुणाचा हात लागला त्ये." मालक हसले आणि गेले. नाही म्हणूनही माणूस मालकांच्या मर्जीत राहू शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोटात दुखायचं ते दुखलंच.

मुख्य खातं, म्हणजे ज्याला कुठलंच दार बंद नाही असं खातं, त्याचा पासवर्ड फक्त तिच्याकडं. मी एकदा मान खाली घालून मागितला. "देते की अण्णा," ती लगेच म्हणाली, "पर आदी म्हैनाभर माझ्याशेजारी बसा. बघून घ्या, मग घ्या." आठ वर्षांनी लहान बाईच्या शेजारी बसून मी शिकायचं? मला वेळ नाही, असं सांगून मी विषय तोडला.

घरी बायकोपुढं रोज हेच रडगाणं. शेवटी ती म्हणाली, "रोज एवढं नाव घेता, त्यापेक्षा एकदा जेवायलाच बोलवा तिला." बोलावलं. अक्का नवऱ्याला घेऊन आली, पोटभर जेवली, आणि मग माझ्या वडिलांपाशी जाऊन बसली. वडिलांनी कित्येक वर्षांत माझ्याशी कामाचं अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पत्र्याची पेटी उघडून जुने ग्राफपेपर तिच्यापुढं पसरले. ही दोन तास विचारतेय, हे दोन तास सांगतायत. ती गेल्यावर वडील म्हणाले, "ह्या पोरीला विचारता येतं." मी तसाच उठून गच्चीवर गेलो. बापातला माझा वाटासुद्धा गेला म्हणायचा!

त्या वर्षी मालकांनी जाहीर केलं, दिवाळीनंतर डिझाईन विभागाला प्रमुख नेमणार. काचेच्या दाराची केबिन, आणि विभागातला शेवटचा शब्द त्याचा. नावं दोनच, तिचं आणि माझं. मला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती, की दिवाळी जवळ येईल तशी माझी झोप उडाली. आणि सगळ्यांना माहीत होतं की ती अक्कालाच मिळणार. वाईट म्हणजे, मलाही माहीत होतं.

दिवाळीच्या आधी बाहेरगावचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. ते आले त्या दुपारी त्यांच्याच नव्या डिझाईनांची पेनड्राइव्हवरून मोठ्या कॉम्प्युटरवर कॉपी चालली होती. अक्का म्हणाली, "अण्णा, जरा हितं बसता का? पडद्यानं मधीच काय इचारलं तर वाय दाबा, म्हंजे व्हय. दोन घास खाऊन आले." आणि तिनं मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. समोर मुख्य खातं उघडं.

कॉपी संपली. मी बघितलं, तर पेनड्राइव्हवरून आलेल्या त्या फाईलींवर सगळ्यांना सगळ्या परवानग्या. अक्का आल्यावर आता एकेक फोल्डरात शिरून हे नीट करत बसणार. म्हटलं, ती यायच्या आत आपणच उरकू, आणि पाहुण्यांसमोर मालकांना सहज सांगू, 'परमिशन मी लावून टाकल्या.' आकडा तर कानात बसलेलाच. चमोड, सहाशे चव्वेचाळीस, आणि आतलं सगळं एका झटक्यात व्हावं म्हणून जोडायचं ते एक अक्षर. पण पडद्यावर मी उभा होतो पाहुण्यांच्या नव्हे, सगळ्या डिझाईनांच्या मुख्य फोल्डरवर. तेही बघितलं नाही. ओळ वाचली नाही, हात उचलले नाहीत, दाबला एंटर.

फाईलीला 'चालवायचं' हा एक नसला तरी काही बिघडत नाही. फोल्डराला मात्र तो एक म्हणजे उंबरा ओलांडायची परवानगी. ती मी कारखान्यातल्या प्रत्येक फोल्डरावरून काढून घेतली. बाहेरून नावं दिसणार, आत पाऊल टाकता येणार नाही. आणि मी बसलो होतो मुख्य खात्यावर, ज्याला कुठलाच उंबरा अडवत नाही. त्यामुळं मला सगळं झकास दिसत होतं. मी खुर्चीत रेलून पायसुद्धा लांब केले.

दहा मिनिटांत जॉबर आला, "तीन नंबरचा माग डिझाईन घेईना." मग पाच नंबर. मग नऊ. ज्या मागाला नवं डिझाईन घ्यायचं होतं तो प्रत्येक माग उभा. नेमके मालक तेव्हा पाहुण्यांना घेऊन शेडमध्ये हिंडत होते. अक्का उष्ट्या हातानं धावत आली. पडद्यावर माझी ओळ तशीच होती. तिनं ती वाचली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात पदराला पुसला, खुर्चीवर बसली, आणि फक्त फोल्डरांनाच उंबरा परत देणारं कसलंसं अक्षर घालून एक हुकूम लिहिला. असं काही अक्षर असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. तेवढ्या गोंधळातही तिनं हात उचलले, ओळ वाचली, मग एंटर. माग एकेक करून सुरू झाले.

मालक लाल होऊन आत आले. "कुणी केलं हे?"

अक्का उभी राहिली. "माझ्या खात्यावरनं झालं, मालक. चूक माझी."

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, अक्का," मालक म्हणाले. मी वरच्या पंख्याकडं बघत होतो.

संध्याकाळी सांगू, म्हटलं. मग उद्या सांगू. मग पाहुणे जाऊ देत. दिवाळी झाली आणि प्रमुख म्हणून माझं नाव लागलं. सगळ्यांच्या आधी अक्का आली. "लई बरं झालं अण्णा. एकोणीस वरसं म्हंजे काय थोडी हायत का?" तिच्या तोंडावर जरा तरी कडवटपणा दिसावा म्हणून मी निरखून बघितलं. नव्हता. दार लावून मी तिला विचारलं, त्या दिवशी तसं का म्हणालीस?

"खातं माझं व्हतं. खुर्चीवर तुमाला मीच बसवलं," ती म्हणाली. मग दार उघडता उघडता, "पर हात उचलत जावा, अण्णा."

बस, एवढंच. पुन्हा कधी तो विषय तिनं काढला नाही. ती चार शिव्या देती तर मी सुटलो असतो. मी केबिनीत बसू लागलो आणि काचेतून रोज दिसायचं, लोक माझ्या दारावरून पुढं अक्काच्या टेबलाशी जातायत. जॉबर, ऑफिसातल्या पोरी, दोनदा तर स्वतः मालक. प्रमुख मी आणि दरबार तिचा!

दीड वर्षानं तिला पुण्यात नोकरी लागली. एका कंपनीचे असे शेकडो कॉम्प्युटर सांभाळायचे. मला वाटलं होतं मी जिंकलो. ही बाई त्या खुर्चीकडं मागं वळूनही न बघता पुढं निघून गेली. तिचे पेढे मी न खाता जॉबरला देऊन टाकले.

शेवटच्या दिवशी तिनं मला तिच्या जागेवर बसवलं आणि मुख्य खात्याचा नवा पासवर्ड टाकायला लावला. मी टाइप करेपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. झालं म्हटल्यावर वळली आणि हसली. "आता मी गाव, अण्णा." वहिनींना आणि वडिलांना नमस्कार सांगा म्हणाली, पर्स उचलली आणि गेली. फाटकापर्यंत सगळी शेड तिला सोडायला गेली. मी गेलो नाही.

मला एक काम होतं. त्या खात्यात टाइप केलेला प्रत्येक हुकूम कॉम्प्युटर ओळीनं लिहून ठेवतो. अक्कानं तर पहिल्या दिवसापासूनचे सगळे जपले होते. त्यात माझी ती ओळ असणार. ती पुसायची, हे माझं मुख्य खात्यावरचं पहिलं काम. मागं मागं जात ती दुपार सापडली. पाहुण्यांच्या डिझाईनांच्या कॉपीची ओळ होती. तिच्या लगेच खाली, सगळं दुरुस्त करणारी अक्काची ओळ. मधे काही नाही. मी वर-खाली तीनदा बघितलं. तिच्या स्वतःच्या चुकलेल्या, अर्धवट सोडलेल्या ओळी तिनं जशाच्या तशा ठेवल्या होत्या. पुसली होती ती एकच, माझी.

डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, तेही आलंच. पण त्याच्या आधी जे आलं ते सांगायला लाज वाटते: जळफळाट. माझं पाप पुसायलासुद्धा ही माझ्याआधी पोचली! त्या तिरीमिरीत मी उठलो आणि थेट मालकांच्या केबिनीत गेलो. आज सांगायचंच. पुढचं पुढं.

मालकांनी समोर बसवलं, चहा मागवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "अक्का हुशार खरी. पण त्या दिवशी माग उभे राहिले, ते काही माझ्या मनातून गेलं नाही बघा. तुमच्या हातून असलं कधी झालं नसतं."

कप माझ्या हातात होता. ती ह्याच माणसासमोर उभी राहून दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ शकली, आणि मला माझी स्वतःची घेता येईना. तिच्यापाशी होतं ते नेमकं काय, हे मला त्या घटकेला कळलं, आणि ते आपल्याला कधी मिळणार नाही हेही.

"हो मालक," मी म्हणालो, आणि चहा संपवला.