रुंद टायर, आनेकलची वाट आणि लिंगाचारीचा हातोडा

माझी भाची मेघना हिने गेल्या महिन्यात डोंगरात न्यायची म्हणून मोठी थोरली गाडी घेतली आणि आठवड्याच्या आत तिची चाकं बदलायला काढली. मूळची चाकं म्हणे फारच बारकी दिसतात. "मावशी, तू तर जीपमधून हिंडलीयस, सांग ना कसले टायर घेऊ?" असं विचारायला आली. मी म्हटलं, अरुंद घे. ती हसली. मग तिला एका दिवसाच्या प्रवासाची हकीकत सांगितली, तेव्हा हसणं थांबलं आणि तिनेच मला हा ब्लॉग उघडून दिला. तुमच्यापैकी कोणी गाडीला नवी चाकं घालायच्या बेतात असेल, तर आधी हे वाचा.

साठ-एकसष्ट साल असेल. आमचं बिऱ्हाड बेंगळूरला गवीपुरात. आमचे हे गुरांचे डॉक्टर. सरकारी गाडी बारा महिने दुरुस्तीत, म्हणून यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली. लढाईतली जीप, स्टिअरिंग डाव्या बाजूला, टायर इतके झिजलेले की हात फिरवला तर गुळगुळीत लागायचे. नवी चाकं घेणं भागच होतं, आणि तिथूनच आमचं भांडण सुरू झालं.

कलासीपाळ्यात मुनिस्वामी म्हणून टायरवाले होते. लुंगी, कानावर पेन्सिल, तोंडाने सतत तमिळ, कन्नड आणि थोडं मराठी. यांना हवे होते साधे, अरुंद, नवे टायर. मला हवे होते रुंद, खोल खाचांचे, ट्रॅक्टरला शोभतील असे, आणि त्यांना बसतील अशी मोठी चाकं. मी तेव्हा पंचविशीतली, जीप चालवायला नुकतीच शिकलेली. गवीपुरातून जाताना चार माणसांनी वळून बघावं अशी इच्छा होती, आता खोटं कशाला सांगू? पण चारही रुंद टायर नवे घेण्याची ऐपत नव्हती. मग मी तोडगा काढला: मागचे दोन नवे, पुढचे दोन जुन्यावर नवं रबर चढवलेले.

मुनिस्वामी म्हणाले, "अक्का, चढवलेलं रबर दगडाला भितं. उन्हात तापलं की सुटतं. पुढच्या चाकाला बेड, नकोच."

"दिसतात तर नव्यासारखे," मी म्हटलं.

"दिसतात," ते म्हणाले आणि पाना उचलला. चाकं बसवताना मी शंभर प्रश्न विचारले. त्यांनी न कंटाळता कानावरच्या पेन्सिलीने दाखवलं की या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, सगळं जग फिरवतं त्याच्या उलट फिरवले तर सुटतात. हे म्हणाले, "तुला काय करायचंय हे? तू काय गॅरेज काढणार आहेस?" स्टेपनीला आम्ही जुनंच एक अरुंद चाक ठेवलं.

खंडेनवमीला जीपची पहिली आयुधपूजा. पुढे केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. सासूबाईंनी जीपची सगळी हत्यारं घरात देवापुढच्या पाटावर मांडून घेतली: जॅक, चाकाचा पाना, टायर काढायच्या पट्ट्या, हवा भरायचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू. आमच्याकडे पूजेला ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी आरती होईपर्यंत कोणी हलवत नाही.

सकाळचे नऊ वाजले असतील. चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटून होतोय तोच ऑफिसातला शिपाई सायकल मारत आला. आनेकलच्या पलीकडे, जंगलाच्या कडेच्या एका गावात गुरांमध्ये बुळकांडीची साथ आली होती. पाच जनावरं गेली होती. गावकऱ्यांनी उरलेली दोनशे-अडीचशे गुरं देवळाच्या माळावर अडवून ठेवली होती, पण संध्याकाळपर्यंतच. पाणी आणि चाऱ्यावाचून ती त्याहून जास्त धरून ठेवता येणार नव्हती. एकदा रानात सुटली की रोग सगळ्या पंचक्रोशीत.

यांनी सासूबाईंकडे पाहिलं. पूजा झालेली जीप त्या दिवशी हलवायची नसते.

"जा," सासूबाई म्हणाल्या. "मुक्या जनावरांसाठी चाललाय. मी बघते देवाचं."

कंपाऊंडर गावाला गेलेला, म्हणून मी बरोबर निघाले. हत्यारं पाटावरच राहिली. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ती आली नाहीत.

आधी उलट्या दिशेला हेब्बाळ, गुरांच्या लसी तिथल्या सरकारी संस्थेत बनायच्या. तिथून लसीच्या कुप्या घेतल्या, रुंद तोंडाच्या थर्मासात ठेवल्या, आणि वाटेत बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून घेतली. थोडे तुकडे थर्मासात, बाकीची भुशात आणि गोणपाटात गुंडाळून माझ्या पायाशी. बर्फ आहे तोवर लस, बर्फ संपला की नुसतं पाणी, हे यांनी मला तीनदा सांगितलं. त्यानंतर दर मैलाला मी वाकून गोणपाट चाचपत होते.

होसूर रस्ता तेव्हा बरा होता, दोन्ही बाजूंना झाडं. आज जे. पी. नगर आहे तिकडे सगळी नाचणीची शेतं, शहर अडुगोडीपाशीच संपायचं. चंदापुरला पाच मिनिटं थांबलो. इडली-वडा आणि पितळी वाट्यांतून कॉफी. इडली लुसलुशीत, सांबार गूळ घातलेलं. शेजारच्या बाकावर दोन शेतकरी आमच्या जीपकडे बघत होते.

"चाक बघ, केवढं रुंद," एक म्हणाला.

"रुंद आहे," दुसरा म्हणाला, "पण आनेकलच्या पुढे गाड्यांच्या चाकोरीत मावेल का?"

मी ऐकलं आणि कॉफी संपवली. ऐकलं नाही असं दाखवलं, हे जास्त खरं.

आनेकल सोडलं आणि त्या माणसाचं म्हणणं पटायला लागलं. रस्ता म्हणजे बैलगाड्यांनी वर्षानुवर्षं कोरलेल्या दोन खोल चाकोऱ्या. अरुंद टायर त्यात अलगद बसून गेले असते. माझे रुंद टायर आत जाईनात. एक बाजू मधल्या उंचवट्यावर, दुसरी कडेच्या दगडांवर, अशी जीप तिरपी चालायची, मग धपकन खाली यायची. प्रत्येक धक्क्याला थर्मास माझ्या मांडीवर. हे नुसतं स्टिअरिंग सावरत होते. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारचा एक वाजून गेलेला. ऊन असं की झेंडूच्या माळा काळ्या पडल्या. पुढच्या डाव्या चाकाखाली काहीतरी फटफट वाजायला लागलं, मग मोठा आवाज झाला आणि जीप डावीकडे बसली. खाली उतरून पाहिलं तर चढवलेलं रबर सालीसारखं सोलून लोंबत होतं, आतली दोरी दिसत होती, हवा गेलेली.

"स्टेपनी आहे," हे म्हणाले. "पाना काढ."

मी सीट उचलली. खाली रिकामं. तेव्हा डोळ्यांपुढे तो पाट आला, त्यावरचा जॅक, पाना, कुंकू. यांना सांगितलं तर ते खालीच बसले, धुळीत.

गाव अजून सहा मैल होतं. चालत जायचं तर बर्फ टिकणार नव्हता. बैलगाडी मागायची तर रोगाच्या भागात एकही गाडी हलवू नका असा हुकूम यांनीच शिपायाबरोबर धाडला होता. मी गोणपाट उघडलं. लादी नारळाएवढी उरली होती.

अर्ध्या मैलावर आठ-दहा घरांची वस्ती दिसत होती. आम्ही लस आणि बर्फाचं गोणपाट घेऊन तिथे पळत गेलो. लोहार आहे का विचारल्यावर एका बाईने बोट दाखवलं. भट्टी थंड होती. फळीवर हातोडे, छिन्न्या, सांडशी ओळीने मांडलेल्या, त्यांना कुंकू, वर जास्वंदीची फुलं. कट्ट्यावर पन्नाशीचा माणूस बसलेला. लिंगाचारी त्याचं नाव.

यांनी सगळं सांगितलं. तो फळीकडे बघून म्हणाला, "इवत्तु आगल्ल, स्वामी. नाळे बन्नी." आज नाही व्हायचं, उद्या या.

आता त्याला काय म्हणणार? आमचीही हत्यारं त्याच कारणाने घरी राहिली होती. मी थर्मास पुढे केला आणि म्हटलं, "अण्णा, उद्यापर्यंत हे राहणार नाही. पुढच्या गावात अडीचशे गुरं उभी आहेत."

तो उठला आणि आम्हाला घरामागे घेऊन गेला. गोठ्यात दोन बैल. एक उभा. दुसरा बसलेला, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, नाकपुड्या सुकलेल्या. माझ्यासारखीलाही कळलं.

"हे औषध दिलं तर हा उठेल का?" त्याने विचारलं.

मी यांच्या बाहीला धरून ओढलं. हो म्हणा, असं मला ओरडून सांगायचं होतं. एवढं एक हो म्हटलं असतं तर तो माणूस त्याच पावली हातोडा उचलणार होता. पण आमच्या यांना खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. माझा इतका संताप झाला की काय सांगू.

"नाही," हे म्हणाले. "आजारी झालेल्याला हे उपयोगाचं नाही. ज्यांना अजून लागलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. हा वाचणार नाही, लिंगाचारी."

लिंगाचारी बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मला तो वेळ घड्याळाने मोजता आला नसता, मी फक्त गोणपाटातून पायावर ठिबकणारं पाणी मोजत होते. मग तो भट्टीपाशी गेला. फळीपुढे हात जोडले, एक मोठा हातोडा आणि दोन छिन्न्या उचलल्या. फुलं खाली पडली ती त्याने वेचून परत फळीवर ठेवली.

"सरी, बरं, चला," म्हणाला.

वस्तीतल्या सहा जणांनी गाडीचं लाकडी जू घालून जीप उचलली, खाली दगड रचले. त्याच्याकडे आमच्या मापाचा पाना नव्हता. छिन्नी नटाच्या कोपऱ्याला लावायची आणि हातोड्याने फिरवायची, एवढाच मार्ग. त्याने पहिला घाव घातला, दुसरा, पाचवा. नट हलेना. "मोडेल हा," तो म्हणाला आणि कपाळ पुसलं. हे म्हणाले, "अजून जोरात."

आणि मला मुनिस्वामींची दुकानातली पेन्सिल आठवली. मी किंचाळलेच, "थांबा! डावी बाजू! उलटा फिरवा!"

छिन्नी दुसऱ्या कोपऱ्याला लागली. तिसऱ्या घावाला नट करकरला आणि सुटला. पाचही सुटले. अरुंद स्टेपनी बसली, तशीच छिन्नीने ठोकून घट्ट केली. एक चाक बारकं, तीन रुंद, त्यामुळे जीप लंगडी दिसत होती आणि स्टिअरिंग सारखं डावीकडे ओढत होतं. दर मैलाला मी उतरून नट बघायचे. त्या सहा मैलांत चाकोरीत मावणारं चाक एकच होतं, तेच.

माळावर पोचलो तेव्हा बर्फाचे चार खडे उरले होते. लस गार होती. लोकांनी गुरं सोडायला सुरुवात केलीच होती, पहिली दोन-तीन माळाच्या कडेला गेली होती, ती पोरींनी पळत जाऊन वळवून आणली. मी सुया उकळत होते, हे टोचत होते, पाटील टोचलेल्या गुरांच्या शिंगांना खुणेचा गेरू लावत होता. दिवस मावळायच्या आत शेवटची गाय झाली. मला तेव्हा रडू आलं, ते मी गायीच्या पाठीआड उरकून घेतलं.

कुपीत थोडं उरलं होतं. परत येताना हे वस्तीवर थांबले आणि लिंगाचारीच्या उभ्या बैलाला टोचलं. त्याने काही मागितलं नव्हतं. आम्ही हातोड्याचे पैसे पुढे केले, तर तो म्हणाला, "बेड स्वामी. आज माझा सण आहे." दुसरा बैल तिसऱ्या दिवशी गेला, असं पुढे कळलं. टोचलेला जगला, पण लिंगाचारीला त्याच्या जोडीला दुसरा मिळवायला दोन वर्षं लागली. माळावरच्या गुरांत मात्र रोग पुढे सरकला नाही.

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती, सासूबाई जाग्याच होत्या. पाटावर जॅक होता, पाना होता, सगळं जिथल्या तिथे, कुंकवासकट. सासूबाईंनी आमचे चेहरे बघितले, पाटाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. मी लिंगाचारीचं सांगितलं. त्यांनी उठून त्या पान्याला पुन्हा एकदा हळदकुंकू वाहिलं.

मुनिस्वामींकडे गेले तेव्हा ते "सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडले असते. आम्ही चारही अरुंद टायर घेतले. छिन्नीने चावलेले ते पाच नट बदलायला ते निघाले, तर हे म्हणाले, राहू देत.

तर मेघना, आणि तुम्ही सगळे: टायर असा घ्या की तुमच्या रस्त्यात बसेल. लोकांनी वळून बघण्यासाठी घेऊ नका. जुन्यावर नवं चढवलेलं असेल तर पुढच्या चाकांना कधीच नाही. दुकानदार कंटाळेपर्यंत प्रश्न विचारा.

आणखी एक. आमच्या घरी त्या वर्षापासून खंडेनवमीला चाकाचा पाना गाडीतून बाहेर काढत नाहीत. कुंकू घेऊन आपणच गाडीपाशी जायचं. आता गाडी मेघनाची, आधीची जुनी होती तीही तिचीच; ती माझ्याच इमारतीत राहते, पार्किंग तळमजल्यावर, आणि मला गुडघ्यांमुळे जिना उतरायला दहा मिनिटं लागतात. तरी मी जाते. डिकी उघडून पान्याला कुंकू लावते, हात जोडते, आणि देवाच्या आधी लिंगाचारीचं नाव घेते.