हिरवा चेहरा

डाक्टरनं माह्याकडे पाह्यलंच नाई. मोबाईलकडे पाह्यलं.

"बाबा, पंधरा दिवस सगळं हिरवं! छान. हाच श्वासाचा पंप चालू ठेवा."

मी तेव्हा दवाखान्याचा जिना चढून टेबलाले धरून श्वास ओढून राह्यलो होतो. छातीतली शिट्टी बाहेरच्या बाकावर ऐकू जात असन. डोस्कंच फिरलं.

"साहेब, मी इथी बसलो आहो. मले पाहा ना! त्या मोबाईलात काय पाहून राह्यले?"

"त्यात तुम्हीच भरता ना, बाबा?"

आता काय सांगू? खोटं भरलं म्हणू? "जिना लय उंच आहे तुमचा," म्हटलं अन् बाजूले बसलेल्या सुनेले घेऊन उठून आलो.

फुप्फुसाचा आजार जुना, म्हणून दवाखान्यानंच सुनेच्या मोबाईलवर ते अॅप टाकून देल्लं. रोज सकाळी विचारते, धाप लागली का, खोकला वाढला का. खाली तीन चेहरे, हिरवा, पिवळा, लाल. मी चौथीतून शाळा सोडली, पण चेहरा ओळखाले शाळा लागत नाई. रोज हिरवा दाबला.

बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत उभी जवानी गेली माही. खाली उतराच्या आधी सरदार, म्हंजे पाळीचा मुकादम, एकेकाले विचारे, "ठीक?" आपण म्हणाचं, "ठीक." अंगात ताप असो का छाती भरलेली असो. जो नाई म्हणे, त्याले वर टोपीचे दिवे वाटाले बसवत, अन् सारे गडी त्याले महिनाभर "दिवेवाली" म्हणत. मी एकही दिवस दिवे वाटले नाई. त्या सरदाराच्या ठीकनंच माही छाती खाल्ली, अन् मी अजून त्यालेच जबाब देऊन राह्यलो!

घरी आल्यावर सून भडकली.

"हिरवं पाहून मी तुम्हाले एकटं सोडून कामावर जात होती, मामाजी! घरी येऊन तुम्ही पडलेले दिसले असते तं? अन् डाक्टरसमोर जिन्याले दोष देता!"

मी तिच्यावरही वरडलो. वरडता वरडता दम संपला, भिंत धरून खाली बसलो. तिनं पाठ चोळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मोबाईल समोर ठेवला अन् तोंड फिरवलं. मी लाल दाबला. लगेच दवाखान्यातून सिस्टरचा फोन.

"बाबा, आज चुकून लाल दाबलं का?"

"चुकून हिरवं दाबत होतो! आता काय कराचं ते लवकर सांग. बोलाले दम नाई मले."