रूथच्या गावची धावपट्टी

आज एकादशीची रताळी ओव्हनमध्ये भाजायला ठेवली आणि त्या गोडसर, जरा करपलेल्या वासाने ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरातलं आमचं भाड्याचं घर आठवलं.

कोविडमुळे सीमा बंद होत्या. माझी हाऊसमेट रूथ पापुआ न्यू गिनीची. नर्सिंग पूर्ण करून ती ऑस्ट्रेलियातच अडकली होती. तिच्या डोंगरातल्या गावाला रस्ता नाही. गवताच्या धावपट्टीवर छोटं विमान उतरायचं, तेही बंद झालं होतं. गावातल्या एकमेव दवाखान्याला नर्स नाही म्हणून कुलूप होतं.

एका दुपारी रूथ रताळी भाजत असताना तिच्या आईचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून आई टेकडी चढून गेली होती.

"काय म्हणाली?" मी नंतर विचारलं.

"सगळे मिळून धावपट्टीवरचं गवत कापतात म्हणे."

"पण विमान येतच नाही ना?"

"येईल तेव्हा उतरता आलं पाहिजे, म्हणते."

टूवूंबातल्या हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली होती. मी म्हटलं, "इथेच राहा, घरी पैसे पाठव."

"आणि गावातली बाळंतपणं कोण करणार?" गरम साल सोलत ती म्हणाली.

मला वाटलं, घरच्या आठवणीने बोलतेय, बदलेल विचार. आता कळतं, तिचं तेव्हाच ठरलं होतं. सीमा उघडल्यावर ती गावी गेली.

मध्यंतरी तिचा मेसेज आला. दवाखाना चालू आहे, औषधं उशिरा येतात. हाताखालच्या एका मुलीला नर्सिंग शिकायला बाहेर जायचंय. ‘जा म्हटलं तिला,’ रूथने लिहिलं होतं. ‘परत येशील का, हे नाही विचारलं.’