माकडाच्या बाटलीतला उंदीर

तिसऱ्या स्लाइडवरही उंदीरच निघाला.

मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचलं : 'माकड, मूत्रपिंड.' सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात पेशींवर पीएच.डी. करणारे फार थोडे होते, त्यातली मी एक. थिसिस टाइपिंगला जायचा होता आणि त्याच्या शीर्षकातच माकड होतं.

जरा समजावून सांगते. प्राण्याच्या अवयवातल्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवता येतात. मीडियम, म्हणजे त्यांचं पातळ खाद्य, घालत राहिलं की काही पेशी वर्षानुवर्षं वाढतात. पण कोणत्या प्राण्याच्या, हे नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी गुणसूत्रं बघावी लागतात. माकडाची बहुतेक मधे चिमटलेली, इंग्रजी एक्ससारखी. उंदराची टोकाशी चिमटलेली, व्हीसारखी. माझ्यासमोर सगळीकडे व्ही होते. थिसिसमध्ये एक फोटो शोभून दिसेल, एवढ्याच हौसेनं मी हे करायला घेतलं होतं.

उंदराच्या पेशी शेजारच्याच कप्प्यात असत. मी मारोतरावांना विचारलं. ते भिवापूरचे, आमचे सर्वांत जुने लॅब अटेंडंट.

"या दोन बाटल्यांची कधी सरमिसळ झाली होती का?"

"तुम्ही यायच्या पहिलेची गोष्ट आहे, मॅडम. पिपेट कमी होते. सरनं एकाच पिपेटनं दोन्हीले मीडियम घातलं. म्या म्हटलं, सर, हे उष्टं होऊन राहिलं. तं मलेच रागावले."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं काहून नाही?"

एक थेंब पुरतो. उंदराच्या पेशी भराभर वाढतात. माकड केव्हाच संपलं होतं.

सर माझे गाईड. याच माकडाच्या पेशींवर त्यांचे पाच पेपर होते. मी स्लाइड त्यांच्यासमोर ठेवल्या.

"तुझं स्टेनिंग चुकलंय. स्लाइड नीट रंगलेलीच नाही."

"तीनदा केलं, सर."

"माकड म्हणूनच आलंय ते. रजिस्टर बघ."

पेशींनी रजिस्टर वाचलेलं नाही, असं मी म्हणाले नाही. ते घरी जाताना सायकलवर सुचलं.

दोन दिवसांनी सरांनी तोडगा काढला. "शीर्षकात 'सस्तन प्राणी' लिही. माकडही सस्तन, उंदीरही सस्तन. खोटं काहीच नाही."

शीर्षक मी बदललं. पण शेवटी एक चॅप्टर जोडला : फोटो, आणि झालं ते सगळं. सरांनी तो सहीविना टेबलावर ठेवून दिला. आई रोज म्हणायची, "माकड असो का उंदीर, तुले काय करायचं आहे वं?" सही नाहीच मिळाली तर असावा, म्हणून मी हिंगण्याच्या एका कारखान्यात केमिस्टच्या जागेसाठी अर्ज लिहून ठेवला. तिसऱ्या आठवड्यात सरांनी सही केली. माझ्याकडे न बघता.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमका तोच चॅप्टर उघडून बसले. "ही शंका कुणाला आली?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "आमच्या लॅबचा नियमच आहे. सगळं तपासूनच घ्यायचं."

चहा घेऊन आलेल्या मारोतरावांना जोरात ठसका लागला.

डिग्री मिळाली. त्याच परीक्षकांनी मला त्यांच्या संस्थेत बोलावलं. काम एकच : इतर लॅबमधल्या पेशी खरंच लेबलवरच्या प्राण्याच्याच आहेत का, ते बघणं. त्यावर माझी सगळी नोकरी झाली. सरांच्या पाच पेपरांत मात्र माकडच राहिलं. सर सन्मानानं रिटायर झाले.

पुढे माझ्याकडे विद्यार्थी आला, की पहिला आठवडा मी त्याला फक्त गुणसूत्रं मोजायला लावत असे. मुलं फार कंटाळायची. कंटाळलेली मुलं परवडतात.