सगळे आडवे, एकटी बुरुल उभी

किर्गिझस्तानात नारिनकडच्या त्या गावात बुरुलच्या हातचं बेशबर्माक नसेल तर जेवणावळीला जेवणावळ म्हणत नसत. नवरा गेल्यापासून तिचं सगळं नाव त्या कढईत होतं. शेजारच्या तोक्तोकानच्या नातवाला पाळण्यात घातलं, तेव्हाही मांस आणि शेवया तिनंच रांधल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाळीस माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. बुरुलला साधी मळमळही नव्हती.

गावाला तेवढं पुरलं.

"म्हणे आमच्याच परातीतलं खाल्लं! हिचं पोट काय लोखंडाचं आहे?" तोक्तोकान दुकानापाशी सगळ्यांदेखत म्हणाली. पाटाच्या पाण्यावरून दोघींचं जुनं वाकडं होतं.

त्यानंतर बुरुलला कुणी बोलावलं नाही. तीही चुलीजवळ कोण कोण फिरकलं होतं ते आठवत बसे. कुणी मुद्दाम काही टाकलं असेल? आपल्यावर यावं म्हणून?

जिल्ह्याहून आलेल्या जिपारा डॉक्टरनं विष्ठेचे नमुने नेले, बुरुलची लाळही नेली. तीन आठवड्यांनी तिनं सगळ्यांना तोक्तोकानच्या घरी बसवलं.

"विष नव्हतं, विषाणू होता. आतड्याच्या पेशींवर एक प्रकारची साखर असते. तिला धरून तो आत शिरतो, त्या पेशीकडूनच स्वतःच्या हजारो नकला करून घेतो, आणि पेशी मरते. बुरुलताईंकडे ती साखर जन्मापासूनच नाही, लाळेतून ते कळलं. धरायलाच काही नाही त्याला."

"बरंच सोयीचं की," तोक्तोकान पुटपुटली. "मग आला कुठून?"

"कुणीतरी आधी आजारी होतं. बरं वाटल्यावरही तो बरेच दिवस पोटातून बाहेर पडत राहतो. हात नीट धुतले नसतील, त्याच हातांनी कच्चं काही चिरलं असेल."

वरून घालायचा कच्चा कांदा तोक्तोकानच्या सुनेनं, नुरिलानं, चिरला होता. जेवणाच्या सकाळी तिचा चेहरा पांढराफटक होता. बुरुलनं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. गावाच्या नजरा कशा टोचतात ते तिला आता माहीत होतं.

नुरिलाच सासूकडे वळून रडत म्हणाली, "आपा, मला दोन दिवस आधी उलट्या झाल्या होत्या. कामचुकार म्हणाल म्हणून बोलले नाही."

तोक्तोकाननं स्वतः चहा ओतून पेला पुढे केला. "घे, बुरुल."

बुरुलनं पेला घेतला. पण प्यायली ती तोक्तोकानचा घोट घेऊन झाल्यावरच.