तार की चमकी

लेकीच्या टोचलेल्या कानाला लावायला खोबरेल तेलात हळद गरम केली, आणि त्या वासासरशी मंडईजवळचं सोनाराचं दुकान आठवलं. आयटीतली माझी पहिली नोकरी, नाक टोचायची हौस, सोबत यवतमाळहून आलेली आई. ताज्या भोकात सोन्याची तार घालावी की खड्याची चमकी, मला ठरवता येईना.

“नाक तुमचं, ठरवा तुम्हीच,” सोनार म्हणाला.

आईनं तार उचलली. “भाऊ, आधी माझं टोचा. जुनं भोक बुजलंय.”

बाबा गेल्यापासून तिचं नाक रिकामंच होतं. तेव्हा वाटलं, मला धीर द्यायला टोचून घेतेय. आता वाटतं, ती निमित्तच शोधत होती. खरं काय, कोण जाणे. टोचून झाल्यावर मात्र तिनं आरसा बराच वेळ खाली ठेवला नाही.